अब्बांची शेवटची तात

अब्बांनी पिंजण खुंटीला टांगलं तो वार कोणता होता, हे मला आता सांगता येणार नाही. त्या दुपारी अंबाडीची भाजी होती आणि ती कुणी खाल्ली नाही, एवढं पक्कं आठवतं. ज्यांनी पिंजण पाहिलंच नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाच्या उंचीचा लाकडी दांडा, त्याच्या एका टोकाला रुंद फळी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधलेली तात. तात म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची वळलेली दोरी. ती कापसात धरायची आणि हातातल्या लाकडी ठोकळ्यानं तिला ठोकायचं. ती थरथरली की कापूस मोकळा होऊन उडतो, आणि तिचा एक आवाज निघतो. गल्लीतली पोरं मला चिडवताना "टंव टंव ढुंय" करायची, पण तो आवाज तसा नाही, कागदावर तो लिहिता येत नाही. त्या आवाजावर मी झोपले, त्या आवाजावर पाढे पाठ केले. तापात डोळे उघडत नसले तरी तो ऐकला की कळायचं, अब्बा घरात आहेत.

परळीतल्या पिंजाऱ्यांमध्ये आमच्या अब्बांच्या हाताला मान होता. लग्नसराईत नवरीच्या गादीला त्यांचाच हात लागला पाहिजे म्हणून आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. खांद्यावर पिंजण घेऊन ते निघाले की तात वाऱ्यानं आपोआप गुणगुणायची, आणि गल्लीच्या तोंडाशी ते दिसायच्या आधीच ती ऐकू यायची. मग बाजारात पिंजायचं यंत्र आलं. त्याच्या मागोमाग फोमच्या गाद्या आल्या. माणसं वाईट नव्हती हो, रस्त्यात भेटली की "पिंजारीचाचा, सलाम" म्हणायची आणि फोमची गादी डोक्यावर घेऊन पुढं जायची. आधी महिन्यातून चार घरं, मग दोन, मग एकही नाही. आणि एके दिवशी ते पिंजण खुंटीला गेलं.

त्यानंतर सात महिने आमच्या घरात आवाज नव्हता. अब्बा सकाळी उठून भिंतीला पाठ लावून बसायचे, ते संध्याकाळपर्यंत. खोकायचे फक्त. उभ्या जन्माचा कापूस छातीत साचला होता. अम्मी ताट पुढं ठेवायची, ते दोन घास मोडायचे आणि ताट सरकवायचे. एकदा त्यांना मालधक्क्याकडून दोन हमालांनी धरून घरी आणलं. "चाचा रुळावर बसलेते," एवढंच ते म्हणाले, माठातलं पाणी पिऊन गेले. त्या दिवशी अम्मीनं घरातली दावी, दोर, जुन्या तातीची वेटोळी, पिंजणावरून सोडवलेली तातसुद्धा, सगळं एका पोत्यात भरलं आणि माझ्या मामाकडं पोचवून दिलं. मला फक्त एवढं ठरवून टाकावं लागलं की कॉलेजातून परत येताना दारात पाऊल ठेवायच्या आधी क्षणभर थांबायचं. आत खोकला ऐकू आला की मगच चप्पल काढायची. अकरावीतली पोरगी बापाच्या खोकल्याची वाट बघत उंबऱ्यावर उभी राहते, हे दिवस वैऱ्यावर येऊ नयेत.

घरात आम्ही आमची दखनी बोलायचो. ती इथं उतरवली तर निम्म्या वाचकांच्या डोक्यावरून जाईल, म्हणून परळीच्या बाजारात आम्ही जी मराठी बोलायचो तीच सगळ्यांच्या तोंडी घालते. नात म्हणते, आजी, तू आता शुद्ध लिहितेस आणि बोलताना 'हाय' म्हणतेस. म्हणते तर म्हणते. पस्तीस वर्षं शाळेत शुद्ध बोलून माझी जीभ दमली आहे.

तर कॉलेजात एक कार्यशाळा लागली. पाच दिवसांची. आम्हाला मराठी शिकवणारे मुळे सर सांस्कृतिक विभागही बघायचे, आणि त्यांच्या ओळखीचे एक सारंगीवाले बुजुर्ग हैदराबादेहून निघून पुण्याला जाताना आमच्याकडं थांबणार होते. आशियातली निरनिराळी तंतुवाद्यं ते बरोबर घेऊन हिंडायचे आणि मुलांना हाताळायला द्यायचे. सगळे त्यांना खाँसाहेब म्हणायचे, मीही तेच म्हणते. मी नाव दिलं ते संगीताच्या ओढीनं, असं काही नाही. हॉलमध्ये पंखे होते आणि घरी लवकर जायला नको होतं. संगीत म्हणजे मला शेजारच्या रेडिओवरची गाणी आणि नवरात्रात गोंधळ्याचं तुणतुणं, बस.

खाँसाहेब सतरंजीवर बसले होते, हडकुळे, पानानं दात लाल झालेले. समोर फडक्यात गुंडाळलेले दहा-बारा गठ्ठे. ते एकेक गठ्ठा असा उघडायचे की आत तान्हं लेकरू निजलंय असं वाटावं. अफगाणिस्तानचा रबाब निघाला, तुतीच्या लाकडाचा, पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेला. चीनचं एक दोन तारांचं वाद्य निघालं, त्याचा गज दोन तारांच्या मधेच अडकवलेला, काढू म्हटलं तरी निघायचा नाही. इराणकडचं एक निघालं, नासपतीसारख्या पोटाचं आणि काठीएवढ्या बारीक मानेचं. मुळे सरांनी नांदूरघाटाकडच्या एका गोसाव्याची किंगरीही मागून आणली होती, तीही त्या रांगेत ठेवलेली. खाँसाहेबांनी तिलाही तसाच हात लावून कपाळाला लावला, तेव्हा मागच्या पोरांची कुजबुज बंद झाली.

मग त्यांनी रबाब मांडीवर घेतला आणि त्याची सगळ्यात जाड तार नुसती एकदा छेडली.

मला रडू फुटलं. शेजारची मुलगी म्हणाली, "शमा, काय झालं गं?" मी म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलं. काय सांगणार? तो आमच्या पिंजणाचा आवाज नव्हता, पण त्याच्याच घरातला होता, सख्ख्या चुलत्याच्या बोलण्यात बापाचा आवाज सापडावा तसा. सात महिन्यांत मी विसरून गेले होते की तो आवाज मला हवाय. खाँसाहेब हिंदीत काय काय सांगत होते, कुठल्या देशात कुठलं लाकूड, कुठं घोड्याचे केस, कुठं रेशीम. मला अर्धंच ऐकू येत होतं. शेवटी त्यांनी सारंगी पुढं ठेवली आणि म्हणाले, या, हात लावून बघा. मुली लाजत होत्या. मी गेले. सारंगीच्या पुढच्या तीन तारांतल्या जाड तारेवर बोट ठेवलं आणि तोंडातून निघून गेलं, "ही तात हाय."

खाँसाहेबांनी मान वर केली. "तुला कसं कळलं, बेटी?"

"माझे अब्बा पिंजारी हायत. ते सोता वळतात."

मागून कुणीतरी "गाद्यावाली" म्हणालं आणि खसखस पिकली. खाँसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझा हात धरून त्या जाड तातीवरून फिरवला. तिचे धागे सुटायला लागले होते, नखाला टोचत होते. म्हणाले, जवळ दुसरी आहे ती बारीक निघाली, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी गावासमोर वाजवायचंय. माझ्या आजोबांच्या काळी आम्ही पिंजाऱ्यांच्याच घरून तात आणायचो, तुझे अब्बा एक करून देतील का?

"देतील," मी म्हणाले. विचारलं नव्हतं, सवरलं नव्हतं. आमच्यात म्हणतात तसं, घरात नाही दाणा आणि मला पाटलीण म्हणा.

घरी गेले, उंबऱ्यावर थांबले, खोकला ऐकला आणि चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. अब्बांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "सारंगीला? आमी गाद्या भरणारी माणसं. त्यांना सांग, पिंजारी मेला."

"न्हाई सांगणार."

"मग तात कुठं मिळती ते त्यांना ठाव असंल. बाजारात मिळती."

"तुमच्या हातची पायजे त्यांना."

"माझ्या हातात आता काय हाय, शमे?"

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला राग आला. दुःख नाही, राग. सात महिने गिळलेलं सगळं वर आलं. मी त्यांच्या पायांशी बसले, दोन्ही पाय घट्ट धरले आणि वाट्टेल ते बोलत सुटले. की रोज दारात थांबून मी तुमचा खोकला ऐकते, तुम्हाला माहीत हाय का? की अम्मी झोपत न्हाई. की तुम्हाला जायचंच असंल तर आम्हाला सांगून जा, असं रोज रोज टांगून ठेवू नका. अम्मी कणीक मळताना थांबली होती. मी शेवटी म्हणाले, "एक तात. फक्त एक. त्याच्यानंतर मी तुम्हाला काय मागणार न्हाई."

अब्बांनी पाय सोडवून घेतले नाहीत. मग ते म्हणाले, "आतडं ताजं लागतं. सकाळचं."

अम्मीनं तसाच कणकेचा हात पदराला पुसला आणि डोक्यावरून पदर घेऊन ती कसाईचाचाला सांगून ठेवायला स्वतः गेली. एरवी ती त्या गल्लीत पाऊल ठेवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात घमेलं, दोन घागरी पाणी आणि घाण वास. अब्बांनी बाह्या वर केल्या. बांबूची बोथट पट्टी कुठून तरी शोधून काढली आणि पाटावर आतडं पसरून ते खरवडायला बसले. आतली चरबी, बुळबुळीत थर, सगळं निघून पांढरी नितळ पट्टी राहिली पाहिजे. ओढताना फाटता कामा नये. त्यांचे हात पहिली दहा मिनिटं थरथरत होते, मग थांबले. शेजारीण कुंपणावरून डोकावली, नाकाला पदर लावून म्हणाली, "आज वजडीचा बेत का, भाबी?" आणि अब्बा हसले. आवाज करून हसले. म्हणाले, "हो, पर ही वजडी वाजती." दुपारी त्यांनी ठेच्याबरोबर दीड भाकरी खाल्ली आणि वर कांदा मागितला. अम्मी स्टोकडं तोंड करून उगीच पंप मारत बसली, स्टो पेटलेलाच होता.

जेवून हात धुताना अब्बा मला म्हणाले, "आता राख. बाभळीची, चुलीतली. फडक्यातून दोनदा गाळून पाण्यात कालव आणि तीन वाजायच्या आत हे त्यात भिजायला टाक. राखेच्या पाण्यानं आतडं पिकतं. तिथं चुकलं की सगळं चुकलं." मग थोडा वेळ पडतो म्हणाले. सात महिन्यांत पहिल्यांदा ते दुपारी झोपले.

आमच्या घरी चूल नव्हती, रॉकेलचा स्टो होता. गल्लीच्या टोकाला ऊसतोड करणाऱ्यांची वस्ती होती, तिथं घरोघर चुली. पण दिवाळी होऊन गेलेली, सगळी बिऱ्हाडं कारखान्यांवर गेलेली, दारांना कुलपं आणि चुली थंड. वाऱ्यानं त्यातली राखसुद्धा उडून गेली होती. मागच्या आळीत एका बाईला विचारलं, ती म्हणाली, "आत्ताच भांडी घासली बघ, सकाळी ये." आता हे नीट लिहिते, कारण हे लिहायलाच मी बसले आहे. स्टेशनच्या मागं एक चहाचं हॉटेल होतं, ते बाभळीच्या लाकडावर चालायचं, हे मला माहीत होतं. तिथं पाटीभर राख मिळाली असती. जाऊन यायला एक तास लागला असता. आणि दोन वाजता हॉलमध्ये माझी रबाबाची पाळी होती.

खाँसाहेबांनी सकाळी निरोप पाठवला होता, त्या मुलीला दोन वाजता बसवा, तिचा कान चांगला आहे. माझा कान. आयुष्यात मला कुणी चांगलं म्हणालं ते पहिल्यांदा. दीड वाजून गेला होता. मी घरी परत आले, शेजारच्यांच्या गच्चीवर चढले आणि केरसुणीनं तिथली राख पाटीत भरली. परळीत राहिलेल्याला सांगायला नको, नुसतं थर्मल, म्हणजे आमचं कोळशावरचं वीजकेंद्र, म्हटलं की पुरे. त्याच्या चिमण्यांतून उडणारी कोळशाची राख आमच्याकडं गच्चीवर, पत्र्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर रोज पडायची. पिठासारखी मऊ, करड्या रंगाची. मी बोटांत चोळून बघितली आणि मला वाटलं, ही तर चुलीतल्या राखेपेक्षा बारीक हाय, गाळायलाही नको. राख ती राख. पाण्यात कालवली, आतडी टाकली, घमेल्यावर पाट झाकला आणि पळत सुटले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

त्या दुपारी मी आनंदात होते. हे लिहायची लाज वाटते, पण होते. खाँसाहेबांनी रबाब माझ्या मांडीवर ठेवला. तो अंगाला टेकला की तार छेडल्यावर आपल्याच बरगड्या वाजतात. त्यांनी मला तीन सूर शिकवले, तेच तीन सूर मी दोन तास वाजवले. बोटाच्या पेराला लाल रेघ पडली, ती मी घरी जाताना सारखी बघत होते. म्हणाले, पूर्वी याच्याही तारा तातीच्याच असायच्या, आता नायलॉन आलंय. मी म्हणाले, अब्बांना सांगते. मी मनात पार पुढं गेले होते. सारंग्यांच्या, रबाबांच्या ताती आमच्या अंगणात वळल्या जातायत, गावोगावचे वाजवणारे अब्बांना विचारत येतायत. माझं सगळं जमलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी घमेल्यात हात घातला. हात तसाच पाण्यात ठेवून ते थांबले. बोटं एकमेकांवर घासली.

"चुलीची ना?"

"हो."

"बाभळीची लागत न्हाई हाताला. लई बारीक हाय."

"कडुलिंबाची असंल," मी म्हणाले. "मागच्या आळीतल्या बाईनं दिली तशी आणली."

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. दुसरं आतडं आणता आलं असतं, वेळ होता. पण अब्बा उभे होते, जेवत होते, सकाळी उठून त्यांनी दाढी केली होती. चुकलं म्हणून सांगितलं तर ते परत भिंतीला पाठ लावून बसतील, ही भीती मला होती. आणि खरं सांगायचं तर खाँसाहेबांना तोंड दाखवायला मला जागा उरली नसती, हीसुद्धा होती. अब्बांनी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडं. पूर्वीचे अब्बा असते तर त्यांनी घमेलं उपडं केलं असतं. आता त्यांनी मान हलवली. "माझीच बोटं जड झाली असतील," म्हणाले.

मग त्यांनी पट्ट्या धुतल्या, पुन्हा खरवडल्या, एकीला एक जोडून दोन खिळ्यांमध्ये ताणल्या आणि पीळ द्यायला बसले. ते बघायला गल्लीतली म्हातारी माणसं येऊन बसली. ओल्या फडक्यानं तात चोळायची, पीळ द्यायचा, परत चोळायची. अम्मीनं त्यांना तीनदा चहा दिला. त्यांच्या खोकल्याकडं माझं लक्षच राहिलं नाही. दीड दिवस तात सावलीत ताणून वाळली, पिवळसर, चकचकीत झाली. अब्बांनी तिच्यावर तेलाचं बोट फिरवलं आणि टिचकी मारली. आवाज आला तेव्हा अम्मी हातातलं भांडं खाली ठेवून तिथंच बसली. "होईल," अब्बा म्हणाले, "खाँसाहेबांना म्हणावं, हळू चढवा."

पाचव्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला होता. गावातले मोठे लोक पुढं होते. मुळे सरांनी अब्बांना पहिल्या रांगेत बसवलं, धुतलेला पांढरा सदरा, टोपी, हात मांडीवर. खाँसाहेबांनी वाजवायच्या आधी सांगितलं की ही तात तुमच्याच गावच्या उस्तादांनी वळली आहे. उस्ताद म्हणाले ते अब्बांना. टाळ्या झाल्या. अब्बांना कळेना उठावं की बसून राहावं, ते अर्धे उठले आणि परत बसले. मी पडद्याच्या आड होते, कारण शेवटी मलाही रबाबाचे दोन सूर वाजवायला बसवणार होते.

सारंगी सुरू झाली. नखांच्या कडेनं ते ताती दाबायचे आणि आवाज असा निघायचा की माणसाच्या गळ्यातला वाटावा. जाड तातीवर ते आले तेव्हा मी अब्बांकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजवा हात मांडीवर हळूहळू हलत होता, ठोका धरल्यासारखा. तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, ना आधी ना नंतर. दहा मिनिटं असतील ती. जास्त नाही.

मग तात तुटली. लहान आवाज झाला, मागच्यांना ऐकूही आला नसेल. खाँसाहेबांचा हात क्षणभर थांबला. लगेच हसून म्हणाले, तात आहे, तुटायचीच, माझ्या हातून रोज तुटते, आणि उरलेल्या दोन तारांवर पुढं वाजवत राहिले. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. अब्बांनी डोळे उघडले होते. कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजपाशी आले आणि हात पुढं केला. खाँसाहेबांनी तुटलेले तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. अब्बांनी ते टोक बोटांत धरून चोळलं, उजेडाकडं नेलं. तुटल्या जागी बारीक बारीक खड्डे पडलेले होते, मलासुद्धा दिसले. त्या राखेनं आतडं पिकलं नव्हतं, आतून कुरतडलं गेलं होतं.

"कच्ची राहिली," अब्बा म्हणाले. "पीळ देताना हात हलला माझा. माफ करा."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. खाँसाहेब, मुळे सर, त्या हसणाऱ्या मुली, सगळे तिथं होते. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. अब्बांनी ते तुकडे सदऱ्याच्या खिशात घातले आणि माझं वाजवणं व्हायच्या आतच ते घरी गेले. मला बसवलं, मी वाजवलं. काय वाजवलं ते अल्लाला माहीत.

पुढचं मी लांबवत नाही. त्यानंतर अब्बा पाच महिने होते. रुळाकडं ते पुन्हा गेले नाहीत, गरजच पडली नाही. उन्हाळ्यात छाती भरली, डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, ती त्यांनी घेतली नाहीत. त्यांना जगायचं नव्हतं आणि आम्ही त्यांना धरून ठेवू शकलो नाही. खाँसाहेबांनी पुण्याहून मुळे सरांच्या पत्त्यावर माझ्यासाठी पत्र पाठवलं होतं, शिकायला ये म्हणून. मी गेले नाही. रबाबाला त्यानंतर मी हात लावला नाही, आणि लोक मला विचारतात की का, तेव्हा मी सांगते, संसारात जमलं नाही. जमलं असतं. नवरा भला माणूस होता.

पण कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलं. मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं आणि उजाडल्यावर ठरवल्याप्रमाणं केलं, एवढं श्रेय मला द्या. घमेल्याच्या तळाशी अजून तो करडा गाळ बसलेला होता. ते घमेलं उचलून मी अब्बांच्या पुढ्यात ठेवलं. ते परत भिंतीला पाठ लावून बसले होते, अम्मी त्यांच्यासमोर चहा घेऊन.

"अब्बा, ही चुलीची राख न्हाई. गच्चीवरची हाय, थर्मलची. मला रबाब वाजवायला जायचं होतं म्हणून मी ही भरली आणि तुम्हाला खोटं सांगितलं. तुमचा हात न्हाई हलला. तुमच्या बोटांना बरोबर कळलं होतं."

त्यांनी घमेल्यात पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, इतक्या मायेनं की मी खाली बघितलं.

"लहानपणापासून तू अशीच हायस," ते म्हणाले. "अम्मीच्या हातून दूध उतू गेलं की 'मी सांडलं' म्हणायचीस. मी रागावू नये म्हणून."

"अब्बा, कसम हाय. खरंच मीच केलं."

"हो, हो."

"चला, दुसरी वळू. बाभळीची राख मी आणते, आत्ता आणते, स्टेशनमागून. मग तुम्हालाच कळंल."

त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला. पंजा जड होता, थंड होता.

"बस झालं, बाळ," अब्बा म्हणाले. "म्हाताऱ्या बापासाठी सोताच्या अंगावर का ओढून घेतीस? हात गेले माझे. तू काय करणार त्याला."